साडेचार महिन्यांचं बाळ बाटलीला तोंड लावत नाही, हातात चार आठवडे

मुलुंड_पूर्व

मुलगी १९ आठवड्यांची, आतापर्यंत फक्त अंगावरचं दूध. वजन छान वाढतंय. २६ आठवड्यांच्या रजेतले तीन बाळंतपणाआधीच गेले, म्हणजे मी रुजू होईन तेव्हा ती २३ आठवड्यांची असेल. ऑफिस बीकेसीला. सकाळी साडेआठला घर सोडायचं, लोकलने कुर्ला, पुढे बस. परत यायला सात. दिवसभर सासूबाई सांभाळणार, दुपारी चार तास मावशी.

दहा दिवस बाटलीचा प्रयत्न चालू आहे. निपल दोन प्रकारचे आणले, एक बाटलीबरोबर आलेलं साधं, दुसरं बुडाशी पसरट, 'आईसारखं' म्हणून दुकानदाराने दिलेलं. दूध माझंच, आदल्या रात्री काढून फ्रिजमध्ये ठेवलेलं, कोमट करून. चांगली भूक लागली की देते, म्हणजे नाइलाजाने तरी घेईल. मीच देते, नेहमीच्याच खुर्चीत, नेहमीसारखं आडवं घेऊन. आधी ती जिभेने निपल बाहेर ढकलायची. एकदा जोरात ठसका लागला. आता बाटली नुसती दिसली तरी रडते.

कुठे चुकतंय? तिसरी बाटली आणू का? सासूबाई म्हणतात निपलला मध लाव. आणि चार आठवड्यांत नाहीच जमलं तर काय?

घोट_घोट

ताई, आधी मधाचं. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटभरसुद्धा नाही. मधात बॉट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ते वाढत नाहीत, तान्ह्या बाळाच्या वाढू शकतात. गूळपाणी, साखरपाणी, ग्लुकोजही नको. सासूबाईंना सांगायला सोपं कारण हवं असेल तर हे सांगा: गोड लावलं की बाळ निपल चाटतं, चोखत नाही, आणि तुम्हाला हवंय चोखणं.

आता मूळ गोष्ट. तिसरी बाटली आणायच्या आधी बाळ नेमकं कुठल्या पायरीवर अडतंय ते बघा, कारण प्रत्येक पायरीचा उपाय वेगळा आहे. बाटली दिसताच रडतं, तर आठवणीचा प्रश्न. निपल तोंडात गेल्यावर ओकारी येते, तर निपल लांब आहे किंवा फार आत जातंय. चावत बसतं, तर या वयात ते ठीकच आहे, चावू द्या. दोन घोट घेऊन तोंड फिरवतं, तर प्रवाह, चव किंवा तापमान. तुमच्याकडे पहिली आणि शेवटची अशी दोन्ही लक्षणं दिसतात. ठसका आधी, रडणं नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

ठसका का लागतो? अंगावर पिताना पान्हा फुटेपर्यंत बाळाला मिनिटभर नुसतं चोखावं लागतं. दूध येतं ते त्याने मागितल्यावर, आणि चोखणं थांबवलं की धारही मंदावते. बाटली उलटी केली की मागणं वगैरे काही नाही, दूध थेट घशात. गिळायला वेळ मिळाला नाही की बाळ जिभेने भोक दाबून धरतं किंवा निपल बाहेर ढकलतं. तो हट्ट नव्हे, श्वास वाचवणं आहे.

म्हणून आज एक तपासणी करा. बाटलीत साधं पाणी भरा, झाकण लावा, न हलवता उलटी धरा. पहिले दोन-चार थेंब पटकन पडतील, त्यानंतर साधारण सेकंदाला एक थेंब असा वेग हवा. सलग धार लागली तर ते निपल बाद. पाकिटावर 'स्लो' लिहिलंय याच्यावर विसंबू नका, एका कंपनीचं स्लो दुसरीचं मीडियम असतं. 'तीन महिन्यांच्या पुढे', 'सहा महिन्यांच्या पुढे' हे आकडेही अंगावर पिणाऱ्या बाळाला लागू नाहीत, त्याला वर्षभर सगळ्यात हळू निपल चालतं. उलट चूकही आपल्याकडे सर्रास होते: बाळ ओढत नाही म्हणून सुई तापवून भोक मोठं करायचं. ते करू नका, भोक वेडंवाकडं होतं आणि रबराचा कण सुटू शकतो.

पसरट निपलबद्दल. बुडाशी एकदम रुंद आणि मधोमध बारीक टोक असलेलं निपल दिसायला आईसारखं असतं, पण बरीच बाळं फक्त ते टोक ओठांत धरतात, स्ट्रॉने सरबत प्यावं तसं. बाजूने बघा. ओठ चंबूसारखे झालेत, गालाला खळगा पडतोय, टक-टक आवाज येतोय, कडेने दूध गळतंय, तर पकड चुकली. टोकापासून बुडापर्यंत हळूहळू रुंद होत जाणारं निपल घ्या, ओठ बाहेरच्या बाजूला वळून उताराच्या रुंद भागावर टेकले पाहिजेत. बहुतेक वेळा दिसायला साधं असलेलंच निपल बरं निघतं.

खरेदी करताना एवढंच: बाटलीवर आयएसआय चिन्ह, आणि प्लास्टिकची असेल तर आयएस १४६२५ हा क्रमांक. काच, स्टील किंवा पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक. १९९२ च्या कायद्याने बाटल्यांची आणि बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे, तेव्हा दुकानात कोणी फारच गुण गायला लागलं तर कानाडोळा करा.

आता रीत. पहिले तीन दिवस बाटलीत दूध नाहीच. रडणं बंद होईपर्यंत बाटली हे खेळणं. स्वच्छ उकळलेलं निपल तिच्या हातात द्या, चोखू दे, चावू दे, फेकू दे. दिवसातून चार-पाच वेळा, आणि कधीही जबरदस्ती नाही.

चौथ्या दिवसापासून दूध, तेही १५ मिलीच. ताजं काढलेलं, कोमट. देणार सासूबाई. तुम्ही नुसतं दुसऱ्या खोलीत जाऊन भागणार नाही, खाली सोसायटीच्या आवारात एक फेरी मारून या. बाळाला तुमचा वास येतो, आणि खरं दूध चार पावलांवर असताना ते रबर का चोखेल?

वेळ: नेहमीच्या पाजण्यानंतर तास ते दीड तास. पूर्ण भुकेलेलं बाळ नवीन काही शिकत नाही, चिडतं. तुमची ती वेळ पहिली बदला. दुपारच्या झोपेतून अर्धवट जागी होतानाची पाच मिनिटं तर सोन्यासारखी, तेव्हा विरोध कमी असतो.

बसायची पद्धत: आडवं घेऊ नका, त्या स्थितीत ती अंगावरचंच शोधणार. सासूबाईंनी भिंतीला पाठ टेकून, गुडघे वर करून बसावं आणि बाळाला मांड्यांवर टेकवून स्वतःकडे तोंड करून जवळजवळ बसतं ठेवावं. आंघोळीला पायांवर घेतात तसंच, फक्त डोकं उंच. नको म्हणाली तर पाठ स्वतःच्या पोटाला टेकवून, तोंड खिडकीकडे.

निपल कोमट पाण्यात बुडवून घ्या. टोक वरच्या ओठावर हलकेच टेकवा आणि थांबा. तोंड आपणहून मोठं उघडलं की आत, जिभेच्या वर. ओठ मिटलेले असताना कोपऱ्यातून सरकवू नका. बाटली जमिनीला समांतर धरा, निपलचा पुढचा भाग दुधाने भरेल इतकीच कललेली. पाच-सहा वेळा चोखून गिळलं की बाटलीचं बूड खाली करा, निपल तोंडातच ठेवून. दूध मागे जातं, ती श्वास घेते, पुन्हा चोखायला लागली की बूड वर. हीच लय सगळ्यात जास्त उपयोगी पडते, आणि घाईघाईत हीच आधी सुटते.

दहा मिनिटांच्या वर नाही. पाठ ताणली, मान फिरवली, बोटं फाकवली की बंद, रडू फुटायच्या आत. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. लगेच तुम्ही येऊन पाजू नका, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर 'नको म्हटलं की आई येते' हे गणित ती एका दिवसात शिकेल.

सायीखालचं_दूध

वरचं सगळं बरोबर, पण दुधाकडे कोणी बघितलंच नाही. आदल्या रात्रीचं फ्रिजमधलं दूध देताय ना? त्याचा वास घ्या. चवही घ्या, थेंबभर.

काही जणींच्या दुधात लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) जास्त सक्रिय असतं. ते दुधातली चरबी फोडत राहतं, फ्रिजमध्येसुद्धा. काही तासांनी दुधाला साबणासारखा किंवा धातूसारखा वास येतो. दूध नासलेलं नसतं, बाळाला अपाय नाही, पण पुष्कळ बाळं तोंड वाकडं करतात आणि दोष बाटलीच्या माथी येतो. तपासायला चार छोट्या बरण्यांत २०-२० मिली ताजं दूध घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि ६, १२, २४, ४८ तासांनी एकेक हुंगा. वास कधी सुरू होतो तो तास लिहून ठेवा.

वास येत असेल तर काढल्यावर, वास धरायच्या आत, दूध स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर तापवा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की उतरवा, साधारण ८२ अंश. उकळी फुटू द्यायची नाही. लगेच भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करा, मग बरणीत. एकदा वास आलेलं दूध तापवून सुधारत नाही. तापवल्याने रोगप्रतिकारक घटक थोडे कमी होतात, म्हणून साठवायचं तेवढंच तापवा. पण 'तापवलं म्हणजे सगळं गेलं' असंही नाही. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, आणि पेढीतलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं पाश्चराइज करूनच कमी दिवसांच्या नाजूक बाळांना देतात.

साठवणीचे आकडे: ताजं दूध बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते २५ अंशांपर्यंत. मुंबईत एसी नसलेल्या घरात वर्षातले बरेच महिने त्याहून गरम असतं, तेव्हा काढलं की थेट फ्रिजमध्ये. ४ अंशांवर चार दिवस, आतल्या बाजूला, दारात नाही. एकदारी फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे, वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम. वितळवलेलं २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. बाळाने तोंड लावलेलं दोन तासांत संपवायचं किंवा फेकायचं. फेकताना जीव तुटतो, म्हणून ५०-६० मिलीच्या छोट्या बरण्या करा.

गरम करताना बरणी गरम पाण्याच्या वाडग्यात. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, मधूनच चटका बसेल इतकं तापतं. वर आलेली साय हलकेच गोल फिरवून मिसळा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाका. ना गार ना गरम वाटला की झालं.

साधंसरळ

एवढा कुटाणा कशाला. एक दिवस आईने सकाळी बाहेर जावं, संध्याकाळी यावं. भूक लागली की झक मारत पिईल. पूर्वी काय थर्मामीटर लावून पाजायचे?

घोट_घोट

काही बाळं पितातही. पण जे पीत नाही त्याचं काय होतं ते बघा. तीन-चार महिन्यांपर्यंत तोंडात काही गेलं की चोखणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. त्यानंतर ते बाळाच्या मर्जीवर असतं. साडेचार महिन्यांचं बाळ आठ तास तोंड मिटून बसू शकतं, आणि मुंबईच्या उकाड्यात लहान बाळाला पाणी कमी पडायला वेळ लागत नाही. शिवाय हिची तक्रार ठसक्यातून आली आहे. उपाशी बाळ वेगवान निपलवर तुटून पडलं की पुन्हा ठसका. म्हणजे होतं तिथून चार पावलं मागे.

पूर्वी थर्मामीटर नव्हता हे खरं. बोंडलं, म्हणजे चोच असलेलं पाजायचं भांडं होतं, घरात चार बायका होत्या आणि कोणाला आठ बत्तीसची लोकल पकडायची नव्हती.

मुलुंड_पूर्व

सगळ्यांचे आभार. तपासलं ते लिहिते. साध्या निपलवर '३+' आहे, उलटं धरलं की सरळ धार. पसरट निपलचे थेंब ठीक पडतात, पण ओठांचा चंबू होतो, तुम्ही लिहिलंत तसाच. दुधाला सहा तासांनी काही नाही, बारा तासांनी किंचित साबणासारखा वास, चोवीस तासांनी स्पष्ट.

आता हळूहळू रुंद होणारं, सगळ्यात स्लो निपल आणलं. खेळण्याचे तीन दिवस झाले. काल सासूबाईंनी पायांवर बसवून ताजं दूध दिलं, १५ मिली गेलं. आज मावशींनी दिलं तर नाही. आणि दुपारी सासूबाईंकडून दोन-तीन घोट घेऊन थांबली, निपल आतून चपटं झालेलं दिसलं. समजा गाडी इथेच अडली, तर बाटलीशिवाय मार्ग आहे का?

वाटी_चमचा

आहे, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत तो आधीच विचारात घ्यायला हवा होता. पाच महिन्यांची होऊन गेल्यावर तुम्ही रुजू होणार, सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू. जी बाटली वर्षभराने सोडवायचीच आहे ती चार आठवडे रडवून लावायची कशाला? आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही बाटलीपेक्षा वाटी-चमच्याला किंवा छोट्या पेल्याला पसंती देतात, कारण सरळ आहे: वाटीला कोपरे नसतात, बाटलीच्या आट्यांत आणि निपलच्या भोकात दूध साचतं आणि जुलाब तिथून सुरू होतात.

पेल्याने पाजण्यात एकच नियम आहे, ओतायचं नाही. औषधाच्या बाटलीबरोबर येतो तसा ३० मिलीचा पेला किंवा पातळ काठाची छोटी स्टीलची वाटी घ्या. काठ बोटाने तपासा, धार नको. अर्ध्याहून थोडी जास्त भरा. बाळाला सरळ बसवा, हात मध्ये येतात म्हणून दुपट्यात सैलसर गुंडाळा, मानेखाली लाळेरं नाही तर घडी केलेला नॅपकिन. काठ खालच्या ओठावर टेकवा, दोन्ही बाजू वरच्या ओठाच्या कडांना हलक्या लागतील अशा. आता वाटी इतकीच कलवा की दूध ओठाला लागेल. आणि थांबा. बाळ जीभ पुढे काढून चाटेल, या वयात लवकरच ओठांनी ओढायलाही लागेल. ती थांबली की वाटी सरळ करा, पण ओठावरून काढू नका.

पहिल्या आठवड्यात निम्मं दूध दुपट्यावर जाईल. घाबरू नका, पण मोजा: आधीचं माप वजा वाटीत उरलेलं वजा अंदाजे सांडलेलं. एका वेळेला २० ते ३० मिनिटं लागू शकतात. मावशींना ही सवय असण्याची शक्यता बाटलीपेक्षा जास्त.

चमचा वापरलात तर तो ओठाच्या कडेला टेकवून ठेवायचा, घशात उलटा करायचा नाही. बोंडलं अजून बऱ्याच घरांत माळ्यावर असतं, सासूबाईंकडेही निघेल. त्याच्या चोचीतून दूध धारेने पडतं, त्यामुळे पाजणाऱ्याचा हात स्थिर नसेल तर ठसक्याचा धोका आहे, आणि चोच आतून घासता येत नाही. वापरायचंच तर वाटीसारखं, थेंब ओठावर येईल एवढंच कलवून, आणि दर वेळी उकळून.

एक गोष्ट स्पष्ट: सहा महिन्यांच्या आत पाणी, वरणाचं पाणी, गुटी, गाईचं दूध यातलं काही नाही. 'बाटली घेत नाही तर थोडी पेज चालेल' असं कोणी ना कोणी म्हणणारच.

आठ_बत्तीस

हिशोब कोणी मांडला नाही म्हणून. अंगावर पिणारं बाळ एक ते सहा महिन्यांत दिवसाला सरासरी ७५० मिली पितं आणि वयाबरोबर हा आकडा फारसा वाढत नाही. तुम्ही साडेदहा तास बाहेर. तासाला ३० ते ४५ मिली धरलं तर साधारण ३२० ते ४७० मिली. म्हणजे ८० ते १२० मिलीची चार पाजणी. डब्यावरच्या तक्त्यात १८०-२०० मिली लिहिलेलं असतं, ते डब्याच्या दुधाचं. त्याच्याशी तुलना करून 'दूध पुरत नाही' हा निष्कर्ष काढू नका.

निघायच्या अगदी आधी एकदा पाजा, सात वाजता दारात आल्या-आल्या पुन्हा. मग मधल्या वेळेत ती २५० वर भागवते असंही होईल. काही बाळं दिवसा कमी आणि रात्री भरपूर पितात, थकवा तुमच्या वाट्याला येतो, पण बाळाचं बिघडत नाही. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू आणि वजन चढतं असेल तर चिंता नको.

ऑफिसात दूध काढणं तीनदा, साधारण ११, २ आणि ५ वाजता, प्रत्येकी १५-२० मिनिटं. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा विश्रांती द्यायची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोयही. एचआरला आधीच मेल करा आणि खोलीचं विचारा: आतून कडी, प्लग पॉइंट, टेबल. टॉयलेटमध्ये काढायला सांगितलं तर ठाम नकार द्या.

दूध इन्सुलेटेड पिशवीत, गोठवलेल्या आइस पॅकना चिकटून ठेवलं तर २४ तास चालतं, तेव्हा कुर्ल्याची गर्दी आणि उशिराची लोकल दोन्ही पचतं. पॅक दोन्ही बाजूंनी लावा. पिशवी गाडीत मांडीवर घ्या, वरच्या फळीवर नको, पंख्याची गरम हवा तिथेच आणि विसरायची जागाही तीच.

तुमचं लायपेजचं वेळापत्रक असं बसेल: सकाळी सहा-साडेसहाला पाजल्यावर दुसऱ्या बाजूचं काढा, ते ताजं दूध फ्रिजमध्ये ठेवून दहा आणि साडेबाराच्या पाजण्याला. ऑफिसातलं घरी आल्यावर लगेच तापवून गार करा, अकराचं दूध तोवर आठ तासांचं झालेलं असतं, वास धरायच्या बारा तासांच्या आत. ते दुसऱ्या दिवशी दुपारी तीन आणि साडेपाचला. तापवलेलं ती घेते की नाही हे आत्ताच बघा, रुजू व्हायच्या आदल्या रात्री नाही. बिचकली तर निम्मं ताजं, निम्मं तापवलेलं, आणि दर दोन दिवसांनी ताजं कमी.

फ्रीझर भरायची गरज नाही. पहिल्या दिवसाचं ४५० आणि वर दोनशे मिली राखीव, एवढं पुरे.

घोट_घोट

राहिलेले दोन मुद्दे.

मावशींकडून घेतलं नाही हे अपेक्षित आहे. आठवडाभर फक्त सासूबाईंनी द्यावं, मावशींनी शेजारी बसून बघावं. ती सलग चार-पाच दिवस ५०-६० मिली घ्यायला लागली की मग मावशी, त्याच जागी, त्याच पद्धतीने बसून. एका वेळी एकच गोष्ट बदला: माणूस, निपल, दूध यातलं काहीतरी एक. आणि वाटीही अधूनमधून चालू ठेवा, म्हणजे बाटली अडली तरी दूध अडणार नाही.

अंगावर पितानाही ठसका लागत असेल, नाकातून दूध येत असेल, तोंडात पुसून न निघणारे पांढरे चट्टे असतील, ताप असेल किंवा शू सहापेक्षा कमी वेळा होत असेल, तर हे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जा. सर्दीने नाक चोंदलेलं असताना तर बाटली सुरूच करू नका.

आणि ते चपटं झालेलं निपल. बाळ ओढतं तेव्हा बाटलीतलं दूध कमी होतं, तेवढी हवा आत जायला हवी. नाही गेली तर आत पोकळी तयार होऊन निपल दबतं, दूध थांबतं, आणि बाळाने केलेली मेहनत फुकट जाते. कारण बहुधा घट्ट आवळलेली रिंग. दूध सांडेल या भीतीने सगळेच आवळतात. पूर्ण बसवा आणि मग पाव आटा सैल करा. ती चोखत असताना कान बाटलीजवळ नेलात तर बारीक बुडबुडे वर जाताना ऐकू येतात, ते यायला हवेत. रिंग सैल करूनही नाही आले तर निपलच्या कडेला बारीक चीर असलेला हवेचा व्हॉल्व्ह शोधा. उकळल्यावर तो चिकटतो. भरायच्या आधी निपल दोन बोटांत धरून ती चीर चोळून उघडायची. धुताना आधी साध्या पाण्याने खळखळून, दुधाचा चिकटा थेट गरम पाण्याने घट्ट बसतो, मग साबण आणि ब्रश, मग सगळे भाग सुटे करून पाच मिनिटं उकळणं. पावसाळ्यात ओली बाटली झाकण लावून ठेवू नका, जाळीवर पालथी घाला, फडक्याने पुसू नका.

मुलुंड_पूर्व

रिंग पाव आटा सैल केली. बुडबुडे ऐकू आले. ४० मिली, मध्ये दोन थांबे. चीर खरंच चिकटलेली होती. उद्यापासून वाटीही, सकाळी एकदा.